मुलगी ट्रॉम्बोन शिकायचं म्हणतेय? शिकू द्या, आणि का ते सविस्तर सांगतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं बोलणं कशावरून चाललंय ते कुणालाही कळेल. मुलगी चौदा वर्षांची, ठाण्यात राहता, गाणं शिकतेय आणि प्रवेशिका पूर्ण पास झालीये, गेटवेला नेव्हीच्या बँडचा कार्यक्रम बघायला गेली आणि तिथे ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, ऐकल्यापासून तेच हवं म्हणून बसलीये. आजोबा म्हणतात ही वरातीतली पिपाणी कशाला, मामा म्हणतो फुंकायचंच असेल तर सॅक्सोफोन घे त्याला मागणी आहे, आणि तुमच्या स्वतःच्या शंका वेगळ्या, गळा बिघडेल का, हात पुरेल का, मुली वाजवतात का हे, आणि मुंबईत याचं पुढे होणार काय.

माझं उत्तर हो आहे. मी स्टुडिओत, हॉटेलच्या बँडमध्ये, चर्चच्या फेस्टला, ऑर्केस्ट्रात, सगळीकडे हेच वाद्य वाजवत आलोय आणि आता शिकवतो पण, आणि तुमच्या प्रश्नातली एकच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली जी तुम्ही जाता जाता लिहिलीये, की ती गाणं शिकते. तिथेच अर्धं काम झालेलं आहे.

कारण असं बघा, ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात, बोट दाबलं की नळीची लांबी ठरून जाते, सूर थोडा ओठानं सावरायचा पण घर ठरलेलं. ट्रॉम्बोनला घरच नाही. सात पोझिशन म्हणतो आपण, प्रत्येक पोझिशनला स्लाइड म्हणजे ती सरकणारी नळी बाहेर गेली की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पण स्लाइडवर कुठे रेघ मारलेली नसते की इथे तिसरी, इथे चौथी. अंतरंपण सारखी नाहीत, पहिली ते दुसरी साधारण ८ सेंटीमीटर, आणि शेवटच्या दोन पोझिशनमध्ये जवळजवळ ११, कारण नळी जितकी लांब होत जाते तितकी पुढच्या अर्ध्या स्वराला जास्त लांबी लागते. हे सगळं हातानं नाही शोधायचं, कानानं शोधायचं. कान म्हणेल तिथे हात थांबला पाहिजे. ज्या मुलाला सूर लागलाय की नाही ते ऐकू येत नाही त्याला मी दहा वर्षं पोझिशन शिकवल्या तरी उपयोग नाही, आणि जिला तानपुऱ्यासमोर बसायची सवय आहे तिला पोझिशन फारशा शिकवाव्याच लागत नाहीत.

तानपुऱ्याचं नाव काढलंच आहे तर हे तिला करून दाखवा, तिला फार आवडेल. नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन बी फ्लॅटचा असतो म्हणजे आपल्या भाषेत काळी पाच, आणि बऱ्याच मुली काळी चार पाचलाच गातात. स्लाइड पूर्ण आत ठेवायची, हलवायचीच नाही, आणि फक्त ओठांचा ताण वाढवत वर वर जायचं. काय येतं? सा, मग पंचम, वरचा सा, मग गंधार, परत पंचम. तानपुरा छान लागला की आपोआप जो गंधार ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार म्हणतात तो, तोच हा, नळीतून आपोआप निघणाऱ्या सुरांना हार्मोनिक म्हणतात, त्यातला या साच्याही खालचा मूळ सूर पहिला धरला तर हा पाचवा. पियानोच्या गंधारापेक्षा हा १४ सेंट उतरा असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक सेंट. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेली मुलं इथे गडबडतात, ट्यूनरवर काटा खाली दिसतो म्हणून ओठ आवळून वर ढकलायला जातात, आणि आपल्या गाणाऱ्या मुलांना तो पहिल्या झटक्यात बरोबर वाटतो. दोन्ही बरोबर आहेत, कुणाबरोबर वाजवताय त्यावर ठरतं, पियानो असेल तर थोडा चढवायचा, ट्रॉम्बोनच्या सेक्शनमध्ये कॉर्ड, म्हणजे तीन चार सूर एकत्र, वाजवताना उतराच ठेवायचा मग ती कॉर्ड अशी काही बसते की अंगावर येते.

आता तुम्ही म्हणाल मग यावर मींड पण येत असेल. येते, पण एक मर्यादा आहे आणि ती सुरुवातीलाच कळलेली बरी म्हणजे निराशा होत नाही. स्लाइड पहिलीपासून सातवीपर्यंत गेली की सहा अर्धे स्वर होतात, त्याच्यापुढे नळी संपते. म्हणजे वरच्या सा पासून खाली तीव्र मध्यमापर्यंत अखंड मींड घेता येते, मजेत. पंचमापासून खाली मात्र कोमल रिषभापर्यंतच, सा एका दमात गाठता येत नाही, तिथे हार्मोनिक बदलावाच लागतो आणि स्लाइड झटकन आत आणावी लागते. हा सांधा झाकणं हीच खरी कला आहे, जीभ अगदी हलकी, जवळजवळ ल म्हटल्यासारखी, हवा अजिबात न तोडता. जीभ जरा जास्त लागली तर तुटक वाजतं, नाही लागली तर सगळं लिबलिबीत घसरतं. लोकांना वाटतं ट्रॉम्बोन म्हणजे घसरणं, खरं तर रोजचा निम्मा रियाज न घसरता एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचाच असतो.

तर माझा मुद्दा एवढाच की या वाद्याचा सूर वाद्यात नसतो, वाजवणाऱ्याच्या कानात असतो, आणि पाचशे वर्षांत याची कामं जी बदलत गेली ती पण यामुळेच. आजोबांना पिपाणी वाटतेय म्हणून हा भाग जरा सांगतो, त्यांना वाचून दाखवा.

पंधराव्या शतकात युरोपात हे वाद्य तयार झालं, तेव्हा त्याला सॅकबट म्हणायचे, बेल म्हणजे पुढचं पसरट तोंड लहान आणि आवाज मऊ. गंमत म्हणजे स्लाइडची रचना तेव्हापासून आजपर्यंत जवळपास तीच आहे. आणि त्याचं पहिलं मोठं काम कुठे, तर चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या बरोबर. कारण साधं होतं, तेव्हाच्या बाकीच्या पितळी वाद्यांना सगळे सूर यायचेच नाहीत, ठराविक हार्मोनिक तेवढे यायचे, आणि याला सगळे यायचे, शिवाय गायक जिथे सूर ठेवेल तिथे याला जाता यायचं. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चचा संगीतकार गॅब्रिएली, त्यानं १५९७ साली छापलेल्या संगीतात कुठली वाद्यं कुठे, कुठे हळू आणि कुठे जोरात ते लिहून ठेवलंय, त्यात ट्रॉम्बोन भरपूर आहेत. पुढे व्हिएन्ना साल्झबर्गकडे चर्चमध्ये आल्टो, टेनर आणि बास म्हणजे मधल्या ते खालच्या पट्टीच्या गायकांच्या ओळी ट्रॉम्बोननं बरोबर वाजवायची पद्धतच होती. मोझार्टनं १७९१ च्या रिक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या संगीतात, अख्खा एक सोलो दिलाय टेनर ट्रॉम्बोनला, खाली बास गायक आणि त्याच्याशी बोलणारा ट्रॉम्बोन. म्हणजे आजोबा, हे साथीचं वाद्य आहे मुळात, आपल्याकडे गायकाच्या मागे सारंगी असायची ना, तसंच काम.

सिम्फनीत, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेत, यायला मात्र उशीर झाला. १८०८ मध्ये बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीत शेवटच्या भागात तीन ट्रॉम्बोन आले, त्याच्या एक वर्ष आधी स्वीडनमध्ये एगर्ट नावाच्या संगीतकारानं वापरले होते पण ते फार कुणाच्या कानावर गेलं नाही. पाचवी वाजवायची म्हणजे पहिले तीन भाग गप्प बसून राहायचं आणि मग थंड झालेल्या वाद्यावर, सुकलेल्या ओठांनी, एकदम पूर्ण ताकदीनं यायचं. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत तर त्याहून कठीण, तिथेही चौथ्या भागापर्यंत थांबायचं आणि आल्यावर हळू वाजवायचं, प्रार्थनेसारखं, तिघांनी मिळून. राव्हेलच्या बोलेरोत, १९२८ चं आहे ते, ट्रॉम्बोनचा सोलो एवढ्या वरच्या पट्टीत आहे की जगभर ऑडिशनला तोच मागतात. मोठ्यानं वाजवणं सोपं असतं हो, तिला पहिल्यापासून हळू वाजवायला लावा, हळू आणि सुरात.

जॅझमध्ये गोष्ट पूर्ण उलटली. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीवर बसून जाहिरात करत फिरायचे आणि ट्रॉम्बोनवाल्याला मागच्या फळीपाशी बसवायचे कारण स्लाइड कुणाच्या डोक्यात बसायला नको, त्यावरून त्या वाजवण्याला टेलगेट नाव पडलं, किड ओरी हे त्यातलं मोठं नाव. तिथे घसरणं हाच गुण झाला. मग ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रिकी सॅम नॅन्टन, बेलसमोर प्लंबरचा रबरी पंप धरून उघडझाप करत असा आवाज काढायचा की माणूस बोलतोय वाटावं. त्याच बँडमध्ये हुआन तिसोल व्हॉल्व्हवाला ट्रॉम्बोन वाजवायचा. मग टॉमी डॉर्सी, ज्याच्या सलग, न तुटणाऱ्या ओळी ऐकून फ्रँक सिनात्रा गाण्यात दम कसा पुरवायचा ते शिकला, तो डॉर्सीच्या बँडमध्ये गायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा, श्वास कधी घेतो ते शोधत. बघा म्हणजे पूर्वी गायकांच्या मागे जाणारं वाद्य आणि इथे गायक वाद्याकडून शिकतोय. आणि १९४० नंतर जे. जे. जॉन्सन आला, बिबॉप या अतिवेगवान जॅझच्या वेगात, सॅक्सोफोनला जे जमतं ते स्लाइडवर, इतकं स्वच्छ की ऐकणाऱ्यांना व्हॉल्व्हवालाच वाटायचा. मी त्याचं वाजवणं ऐकूनच स्लाइड किती कमी हलवता येते ते शिकलो, एकच सूर दोन तीन पोझिशनला मिळतो त्यातली जवळची कुठली ते आधी ठरवून ठेवायचं.

नंतर जमैकात स्का या नाचाच्या संगीताच्या काळात डॉन ड्रमंड, न्यूयॉर्कमध्ये साठच्या दशकात एडी पाल्मिएरीनं साल्सासारख्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट काढून दोन ट्रॉम्बोन बसवले आणि तो खरखरीत आवाजच त्या शहराचा झाला, गायक जेम्स ब्राऊनकडे फ्रेड वेस्ली. युट्यूबवर सगळं आहे, मुलीला रोज एक ऐकायला द्या.

आता आपल्या मुंबईचं.

इथे हे वाद्य दोन वाटांनी आलं, एक फौजेचे बँड आणि दुसरी गोव्याचे म्युझिशियन. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, ती मुलं मोठी होऊन मुंबईत यायची, धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोव्याच्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांमध्ये, राहायची, आणि हॉटेल, सिनेमा, सर्कस जिथे मिळेल तिथे वाजवायची. १९३५ ला लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये आला आणि जॅझ कसा वाजतो ते इथल्या वादकांनी समोर बसून ऐकलं. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली, हॉटेलातलं काम आटलं, आणि हीच मंडळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेली. प्रिन्सेस स्ट्रीटवर आल्फ्रेड्स नावाचं इराणी हॉटेल होतं तिथे वादक आणि अरेंजर, म्हणजे कुणी काय वाजवायचं ते लिहून देणारे, जमायचे. आपले सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, त्यांनी तर ब्रासचा असा काही उपयोग केला, १९५१ च्या अलबेलामध्ये चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावरच दिसतो. तो ट्रम्पेटवाला, पण त्या सगळ्या आवाजाला खालून जो भरीवपणा आहे तो ट्रॉम्बोनशिवाय येत नाही. एक मराठी माणूस चाल बांधतोय, गोव्याचा अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये लिहितोय आणि अमेरिकेतल्या नाचाच्या बँडचा ब्रास त्यात बसतोय, हे फक्त मुंबईतच होऊ शकलं आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

सिनेमात ट्रॉम्बोनचं काम बहुतेक वेळा ट्रम्पेटच्या खाली कॉर्ड धरायचं. ऐकणाऱ्याला वेगळं कळत नाही, काढून घेतलं तर गाणं पोकळ वाटतं. मधेच कॅबरेला एखादी लांब घसरण, खलनायक आला की खालचा जड सूर, आणि विनोदी प्रसंगात कुणी पडलं की वरून खाली. या शेवटच्या कामानं नुकसान झालं, लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगमधला ब्रास नीट ऐका एकदा, हेडफोन लावून, ट्रॉम्बोनला ब्लास्को मोन्सोरात यांच्यासारखे वादक होते, त्या सेक्शनचा एकत्र सुटलेला सूर बघा, सगळे एकाच क्षणी थांबतात. तेव्हा सगळं एकत्र रेकॉर्ड व्हायचं, गायक, तालवाद्यं, व्हायोलिनची रांग, ब्रास, एकाचं चुकलं की सगळ्यांचा टेक परत. त्यातून जी शिस्त यायची ती आता कुठे मिळत नाही.

मग मल्टिट्रॅक आलं, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडायचं, ऐंशी नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आले, कीबोर्डवर ब्रासचं बटण आलं, आणि पाच सहा जणांच्या सेक्शनचं काम एका प्रोग्रॅमरनं घरून करायला सुरुवात केली. खूप चांगल्या वादकांनी त्या काळात वाद्यं विकली. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, मुंबईत नुसत्या ट्रॉम्बोनवर घर चालवणारे आजही थोडेच आहेत. मोठ्या बॅकग्राउंड स्कोअरला खरा ऑर्केस्ट्रा लागला तर काही वेळा रेकॉर्डिंग परदेशात जाऊन होतं, छोट्याला सॅम्पलवर भागवतात.

पण मामांना हे पण सांगा. सॅम्पलमध्ये ट्रॉम्बोनचा लांब धरलेला सूर बरा येतो, एका सुरातून दुसऱ्यात जाणं येत नाही, तिथे लगेच खोटं कळतं, म्हणून लाइव्ह बँडवाले आणि जाहिरातींचे संगीतकार अजून फोन करतात, आणि फोन करायला शहरात माणसं कमी आहेत. सॅक्सोफोनवाले भरपूर आहेत, चांगला वाचणारा, सुरात असणारा आणि वेळेवर येणारा ट्रॉम्बोनवाला मिळत नाही. एनसीपीए या नाट्यगृहांच्या संकुलात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे विंड आणि ब्रासमध्ये अजून बाहेरून येणारे वादक बरेच असतात, म्हणजे जागा आहे, तयार माणूस नाही. पोलीस बँड आहे, नेव्हीचे बँड आहेत, कुलाब्याला आयएनएस कुंजालीमध्ये नेव्हीची संगीताची शाळाच आहे. आणि वसई, गोराई, वांद्र्याकडे आपल्या ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात, फेस्टला, अगदी मयतीलाही ब्रास बँड असतो, तिथले म्हातारे वादक मराठीतच सगळं समजावतात आणि पाठ किती आहे त्यांना, विचारू नका. तिला शिकायला लागल्यावर एखाद्या फेस्टला जरूर घेऊन जा, रस्त्यावर चालत वाजवणं ही वेगळी परीक्षा आहे.

वरातीच्या बँडबद्दल आजोबांच्या मनात जे आहे त्यावर मला थोडं वाईट वाटतं. तिथे बहुतेक व्हॉल्व्हवाले ट्रॉम्बोन किंवा युफोनियम असतात, गर्दीत स्लाइड बाहेर काढायला जागा नसते आणि धक्का लागला की स्लाइड गेली. वाद्यं बरीचशी मेरठच्या जाली कोठीतून येतात, नादिर अली कंपनी तिथली १८८५ पासूनची. ती माणसं उन्हात, नाचणाऱ्यांच्या धक्क्यात, तासन्‌तास वाजवतात आणि कालपरवा आलेलं गाणं आज कानानं उचलून वाजवतात. सूर कधी हलतो, मान्य, पण ओठांची एवढी ताकद आमच्यापैकी फार थोड्यांकडे आहे.

मुली वाजवतात का, तर वाजवतात, आणि त्यासाठी भांडल्यात पण. मेल्बा लिस्टन, अमेरिकेतली, १९२६ चा जन्म, लहान मुलगी असताना ट्रॉम्बोन धरला आणि पुढे डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये वाजवलं, अरेंजर म्हणून तर तिचं नाव फार मोठं. आणि अ‍ॅबी कोनंट. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकची ऑडिशन पडद्याआड झाली, कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसत नव्हतं, तिची निवड झाली, पहिल्या ट्रॉम्बोनची जागा. पडदा बाजूला झाल्यावर बाई निघाली. मग पुढे तिला दुसऱ्या खुर्चीवर उतरवलं, ताकद कमी पडते म्हणाले, तिनं फुप्फुसांच्या तपासण्या करून घेतल्या, कोर्टात गेली, आणि १९९३ पर्यंत लढून जिंकली. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. ताकदीचं जे बोलतात ते खरं नाही, छाती मोठी लागते असं काही नसतं, हवा किती आहे यापेक्षा ती किती सैलपणे आणि सलग सोडता ते महत्त्वाचं, आणि गाणाऱ्या मुलीला पोटातून श्वास घ्यायला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

गळ्याचं म्हणाल तर, नीट वाजवलं तर गळ्याला काही होत नाही, आवाज ओठांच्या थरथरण्यातून येतो, गळा फक्त उघडा ठेवायचा असतो. घसा आवळून वरचे सूर काढायची सवय लागली तर मात्र गाण्यावर परिणाम होतो, त्यामुळे पहिले काही महिने वरच्या सप्तकाच्या मागे लागू देऊ नका. एवढं करा की वाजवून उठली की लगेच तार सप्तकात रियाज नको, मधे वेळ जाऊ द्या. दातांना तारा लावलेल्या असतील तरी चालतं, ट्रम्पेटपेक्षा याचा माउथपीस मोठा असल्यानं टोचतं कमी, सुरुवातीला थोडं जड जाईल.

हाताचं सांगतो. सातवी पोझिशन पहिलीपासून साधारण ५६ सेंटीमीटर लांब आहे, चौदा वर्षांच्या मुलीचा हात खांदा थोडा पुढे काढून बहुतेक वेळा पोचतो. नाही पोचला तर सातवीचे सूर सुरुवातीच्या धड्यांमध्ये जवळपास येतच नाहीत, आणि पुढे एफ ट्रिगरवाला ट्रॉम्बोन घेता येतो, डाव्या अंगठ्यानं लिव्हर दाबला की मागची जादा नळी उघडते आणि सहावी सातवीचे खालचे सूर पहिल्या दुसऱ्यातच मिळतात. वजन वाढतं मात्र, म्हणून आत्ताच नको.

आत्ता काय घ्यायचं? माझं मत, आधी प्लास्टिकचा. पीबोन म्हणून मिळतो, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास, धातूच्या निम्म्यानं, आपटला तर वाकत नाही, गंजत नाही, लोकलमध्ये नेता येतो. सूर त्याचा बरा आहे, स्लाइड थोडी खरबरीत. मुलगी वर्षभर टिकली तर मग धातूचा, यामाहाचा वायएसएल ३५४ हा विद्यार्थ्यांसाठी जगभर चालतो, नळी बारीक म्हणजे ०.५०० इंचाची, फुंकायला सोपा, आणि जॅझ किंवा बँडच्या कामालाही तोच बारीक आवाज लागतो. ऑर्केस्ट्राचे ट्रॉम्बोन ०.५४७ इंचाचे असतात, ते नंतर बघू. ऑनलाइन फार स्वस्तात जे बिननावाचे मिळतात ते घेऊ नका, त्यांची स्लाइडच सरळ नसते, मूल अडकणाऱ्या स्लाइडशी झगडत बसतं आणि दोष स्वतःला देतं.

सेकंडहँड चांगला मिळतो, धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात नवीन बघून किमतीचा अंदाज घ्या आणि मग जुना शोधा. बघताना स्लाइड उभी धरून लॉक उघडा, हात खाली ठेवा हं नाहीतर खाली आपटेल, ती स्वतःच्या वजनानं सरसर खाली आली पाहिजे, मधे अडखळली तर आत पोचा आहे. मग स्लाइड थोडी बाहेर ओढून दोन्ही नळ्यांची तोंडं हातानं बंद करा आणि आत ढकला, हवा दबल्यासारखी वाटली पाहिजे. पितळेवर लालसर ठिपके असतील, विशेषतः माउथपीसजवळच्या नळीवर, तर तो भाग घामानं आणि ओलीनं आतून पोखरलेला असतो, सोडून द्या.

आपल्या हवेत काळजी जास्त घ्यावी लागते. पावसाळ्यात वाजवून झालं की पाणी काढायचं, आतल्या नळ्या कापडानं पुसायच्या, वाद्य ओल्या केसमध्ये बंद करून ठेवायचं नाही. ते पाणी म्हणजे थुंकी नसते बरं का, श्वासातली वाफ थंड नळीला लागून होते, घरच्यांना सांगा म्हणजे नाक मुरडणार नाहीत. स्लाइडला क्रीम अगदी पातळ बोट, वर पाण्याचा फवारा, तेल नाही. घरातलं कुठलंही तेल नाही, शिलाई मशीनचं तर अजिबात नाही.

शिकवणारे मुंबईत कमी आहेत पण आहेत, वांद्रे आणि दक्षिण मुंबईकडे जास्त, ठाण्याहून शनिवार रविवार जावं लागेल. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या संगीत परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्था, दोघांच्याही ट्रॉम्बोनच्या परीक्षा आहेत, एखादी दिली तर बरं, निदान नोटेशन पक्कं होतं आणि नोटेशन न येता स्टुडिओत कुणी उभं करत नाही. बास क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांचं नोटेशन वाचायची पद्धत, शिकायला लागेल, गाण्याच्या बाईंना सांगा की हे शिकतेय, त्या रागावल्या तर मला कळवा मी बोलतो त्यांच्याशी. गाणं मात्र सोडू देऊ नका. रोज आधी ओळ गाऊन मग तीच वाजवायची, माझी सगळी मुलं असंच करतात.

सोसायटीत आवाजाचा त्रास होईल, त्यासाठी बेलमध्ये बसणारा प्रॅक्टिस म्यूट घ्या, रात्री त्याच्यावर. पण रोज थोडा वेळ तरी म्यूटशिवाय, संध्याकाळी, खिडकी उघडी ठेवून वाजवू द्या, कारण म्यूटमध्ये हवा अडते आणि फक्त त्याच्यावर वाजवणारी मुलं जोर लावायला शिकतात. शेजाऱ्यांना आधीच जाऊन वेळ सांगून या, पंधरा वीस मिनिटं, बहुतेक लोक हो म्हणतात.